डोळ्यांनी ऐकणं, कानांनी बोलणं

पडद्यावर एका माणसाचा चेहरा आहे. त्याचे ओठ 'गा, गा, गा' म्हणताना हलताहेत. त्या चित्रावर आवाज मात्र चढवलाय 'बा, बा, बा'चा. समोर बसलेल्याला काय ऐकू येत असेल? बहुतेकांना स्वच्छ 'दा, दा, दा' ऐकू येतं! डोळे मिटले की लगेच 'बा'. उघडले की पुन्हा 'दा'. ही गंमत कशी घडवली ते आधी सांगून टाकलं तरी फरक पडत नाही. सगळं ठाऊक असलेल्या माणसालाही 'दा'च ऐकू येत राहतं. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड या इंग्लंडमधल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत हा प्रयोग छापला. इंटरनेटवर 'मॅकगर्क परिणाम' असं शोधलं की त्याच्या चित्रफिती सापडतात. पुढे वाचण्याआधी एखादी पाहून घ्या. नुसतं सांगून पटावी अशी ही गोष्ट नाही.

यातली खरी मौज मराठी वाचकाला चटकन कळेल, कारण आपली वर्णमालाच तोंडातल्या जागांनुसार लावलेली आहे. कंठापासून सुरुवात, मग टाळू, मूर्धा, दात आणि शेवटी ओठ. 'ग' कंठ्य, 'ब' ओष्ठ्य. कान सांगतो, आवाज ओठांवरचा आहे. डोळा सांगतो, ओठ तर मिटलेच नाहीत. मेंदू दोघांचं ऐकून घेतो आणि मधल्या दातांपाशी येऊन थांबतो. 'द'चा आवाज 'ब'च्या बराच जवळचा असतो, आणि 'द' म्हणताना ओठ उघडे राहतात, म्हणून डोळ्याचीही हरकत उरत नाही. हा सगळा निवाडा डोळ्याचं पातं लवायच्या आत होतो. आपल्याला कळतो तो फक्त निकाल, आणि आपण म्हणतो, 'मी ऐकलं'. (सगळ्यांना हा भ्रम सारखाच होत नाही. जपानी भाषकांमध्ये तो कमी आढळतो, म्हणजे डोळ्याला किती मान द्यायचा हेही आपण लहानपणी शिकतो असं दिसतं.)

मुलांना बोलायला शिकवण्यासाठी चित्र, आवाज, व्हिडिओ वापरावेत का, असा प्रश्न हल्ली शाळाशाळांतून विचारला जातो. मोबाईल आहे, प्रोजेक्टर आहे, पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आहे. मग 'व्हिडिओ दाखवला' एवढ्यावर काम झालं असं वाटतं. पण पाहणं, ऐकणं आणि बोलणं यांची आतून जी गुंफण आहे ती इतकी नवलाची आहे, की ती कळल्यावर तोच व्हिडिओ आपण वेगळ्या तऱ्हेने लावू. ती गुंफण पाहू या.

सुरुवात तान्ह्या बाळापासून. आईच्या मांडीवरचं बाळ तिच्या डोळ्यांत पाहत असतं. डेव्हिड ल्युकोविच आणि एमी हॅन्सन-टिफ्ट यांनी २०१२ मध्ये बाळांच्या नजरेचा माग काढणारं उपकरण वापरून एक गोष्ट टिपली. चार महिन्यांचं बाळ बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहतं. आठव्या महिन्याच्या आसपास, म्हणजे 'बाबाबा, दादादा' सुरू होतं त्याच सुमारास, त्याची नजर खाली सरकते आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर खिळते. वर्षाचं होता होता आपल्या भाषेतल्या बोलण्यासाठी नजर पुन्हा डोळ्यांकडे वळू लागते. पण समोरचा परकी भाषा बोलत असेल, तर वर्षाचं बाळही तोंडच पाहत राहतं. कुणी सांगितलेलं नसतं. ज्या आवाजांचा सराव अजून व्हायचा आहे, ते कसे बनतात हे बाळ थेट कारखान्यात जाऊन पाहून येतं.

आता शाळेसाठी तयार केलेले व्हिडिओ आठवून पाहा. कितीतरी व्हिडिओंत पडद्यावर अक्षरं सरकत असतात, मागून आवाज येत असतो आणि बोलणारा माणूस कुठेच दिसत नाही. इतिहास-भूगोलासाठी ते चालेल. पण उच्चार शिकवायचा असेल, नवी भाषा शिकवायची असेल, तर बोलणाऱ्याचा चेहरा दिसलाच पाहिजे, आणि तोही जवळून, चांगल्या उजेडात. 'व' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकले की ओठ नुसतेच गोल झाले, हे शब्दांत समजावायला पाच मिनिटं लागतात. डोळ्याला एक क्षण पुरतो.

डोळा कानाला मदत करतो ही एक गोष्ट झाली. दुसरी मला त्याहूनही नवलाची वाटते. कान जिभेला शिकवतो, आणि जीभ हलवलेली नसताना शिकवतो.

त्यासाठी आधी एक जुना प्रयोग सांगायला हवा, कारण त्यात आपल्या 'त' आणि 'ट'चा संबंध आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' हे आवाज ऐकवले. इंग्रजीत हा फरक नाही. इंग्रजी भाषक मोठ्या माणसांना दोन्ही सारखेच वाटतात. पण सहा ते आठ महिन्यांच्या इंग्रजी बाळांना फरक बरोबर कळत होता! दहा-बारा महिन्यांच्या बाळांना तो कळेनासा झालेला होता. १९८४ साली हे निष्कर्ष छापून आले. जन्माला येताना आपला कान जगातल्या जवळजवळ सगळ्या भाषांसाठी उघडा असतो, आणि पहिला वाढदिवस यायच्या आत तो घरच्या भाषेसाठी सज्ज होतो. त्या सज्ज होण्यात परके फरक पुसट होत जातात.

मग मोठेपणी ते परत मिळवता येतात का? जपानी माणसाला इंग्रजीतले 'र' आणि 'ल' वेगळे ऐकू येत नाहीत, हे प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात डेव्हिड पिसोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानी भाषकांना ध्वनिमुद्रित शब्द ऐकवायला सुरुवात केली. शब्द ऐकायचा, 'र' होता की 'ल' ते सांगायचं, बरोबर की चूक हे लगेच कळायचं. बस्स, एवढंच. काही आठवड्यांत कान सुधारले. पण खरी कळ निराळीच निघाली. ज्यांना एकाच माणसाच्या आवाजात सराव दिला, ते त्या माणसापुरते तयार झाले. नवा आवाज आला की पुन्हा चाचपडू लागले. ज्यांना अनेकांच्या आवाजांत सराव दिला, त्यांना कधी न ऐकलेल्या माणसाचे शब्दही ओळखता येऊ लागले. पुढे १९९७ मध्ये ॲन ब्रॅडलो आणि सहकाऱ्यांनी तपासलं, की असा सराव घेतलेल्या लोकांच्या बोलण्याचं काय होतं. त्यांना बोलण्याचा कोणताही सराव दिलेला नव्हता. ते फक्त ऐकत होते. तरी त्यांचे 'र' आणि 'ल' असलेले शब्द इंग्रजी भाषकांनी ऐकले, तेव्हा सरावानंतरचे उच्चार अधिक स्पष्ट निघाले!

जिभेला कुणी काही सांगितलं नव्हतं. कानात फरक उमटला आणि जिभेने आपली जागा शोधली.

शिक्षकाच्या कामाची गोष्ट यात आहे ती 'अनेकांचे आवाज' ही. आपल्याकडे भाषेचं ध्वनिसाहित्य करताना एक उत्तम, शुद्ध, घोटीव आवाज निवडण्याकडे कल असतो. आकाशवाणीचा निवेदक म्हणावा असा. तो ऐकायला गोड असतो, पण कानाला शिकवायला अपुरा पडतो. बाईचा, पुरुषाचा, म्हाताऱ्याचा, लहान मुलाचा, हळू बोलणाऱ्याचा, भरभर बोलणाऱ्याचा, असे दहा आवाज हवेत. आणि हे साहित्य महागडं नाही. मोबाईल घेऊन गावातल्या दहा माणसांना एकेक प्रसंग सांगायला लावला की ते तयार होतं.

इथे मला बोलींची बाजू घ्यायची आहे. घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, झाडीबोली किंवा कोरकू, गोंडी, भिल्ली बोलणारं मूल शाळेत आलं की पहिले काही महिने गप्प होतं. ते मुकं नसतं. आपला आवाज या खोलीत चालत नाही, एवढं त्याला कळलेलं असतं. त्या वर्गात त्याच्या आजीच्या बोलीतली एक गोष्ट स्पीकरवर लावा. पुस्तकाच्या जागी, बाईंच्या टेबलावरून, सगळ्यांसमोर. ज्या मुलाने तोपर्यंत तोंड उघडलं नाही त्याला आता बाकीच्यांना अर्थ सांगायचा असतो, कारण तो फक्त त्यालाच ठाऊक असतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य सरकारच्या मदतीने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून गावोगावचे आवाज ध्वनिमुद्रित केले आहेत आणि ते इंटरनेटवर खुले ठेवले आहेत. भाषेच्या अभ्यासकांसाठी तो ठेवा आहेच. पाचवीच्या वर्गातही तो वाजला पाहिजे.

आवाज साठवून पुन्हा ऐकता येऊ लागला त्याला जेमतेम दीडशे वर्षं झाली. थॉमस एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ बनवला आणि पुढच्याच वर्षी एका नियतकालिकात, या यंत्राचा उपयोग कशाकशासाठी होईल, याची यादी दिली. पत्रं सांगणं, अंधांसाठी बोलती पुस्तकं, आणि तिसऱ्याच क्रमांकावर वक्तृत्व शिकवणं. संगीत त्याच्याही खाली होतं! म्हणजे आवाजाच्या यंत्राच्या जन्मापासून बोलायला शिकवणं हा त्याचा हेतू आहे. उत्तम वक्त्याचा आवाज घरोघरी पोचेल, हा त्यातला एक फायदा. पण माझ्या मते त्या यंत्राची सर्वांत मोठी देणगी दुसरी आहे. माणसाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा आवाज बाहेरून ऐकता आला.

तो ऐकल्यावर जवळजवळ प्रत्येकाची पहिली प्रतिक्रिया सारखीच असते: 'हा माझा आवाज?' कारण अगदी साधं आहे. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो. एक हवेतून, कानाच्या पडद्यापर्यंत. दुसरी कवटीच्या हाडांतून, थेट आतल्या कानापर्यंत. हाडांतून खालचे, भरदार सूर जास्त पोचतात, म्हणून आपल्याला आपला आवाज खर्जातला वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांची वाट नसते; जग जे ऐकतं तेच आपण ऐकतो. मुलांना हे समजावून सांगितलं पाहिजे, नाहीतर ती पहिल्या धक्क्यातच 'माझा आवाज वाईट आहे' असं ठरवून मोकळी होतात.

हा धक्का पचला की मोबाईलवरचा साधा रेकॉर्डर बोलण्याच्या वर्गातलं सर्वांत मोलाचं साधन ठरतो. न्यूझीलंडमधले भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांनी लोकप्रिय केलेली एक रीत आहे. एकच विषय एका मित्राला चार मिनिटं सांगायचा, मग तोच दुसऱ्याला तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. काय सांगायचं हे आता ठरलेलं असतं, त्यामुळे मन मोकळं होऊन कसं सांगायचं याकडे वळतं. अडखळणं कमी होतं, वाक्यं जुळू लागतात. पहिली फेरी आणि तिसरी फेरी रेकॉर्ड करून मुलाला शेजारीशेजारी ऐकवा. स्वतःची प्रगती एका तासात स्वतःच्या कानांनी ऐकायला मिळणं, हे गुणपत्रिकेला कधी जमायचं नाही.

आता थोडं बोलण्याच्या वेगाकडे पाहू, कारण बोलायला घाबरणाऱ्या मुलाचं दुखणं तिथे आहे.

दोन माणसं गप्पा मारत असतात. एकाचं संपतं, दुसऱ्याचं सुरू होतं. मधला काळ किती? तान्या स्टायव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या १० भाषांमधले प्रश्न आणि उत्तरं मोजली. २००९ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात सरासरी निघाली सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानी सर्वांत झटपट, डॅनिश सर्वांत निवांत. पण फरक सगळा अर्ध्या सेकंदाच्या आतला. या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. साधं चित्र दाखवून 'हे काय?' म्हणून विचारलं, तर ओळखीचा एक शब्द ओठांवर यायला मोठ्या माणसाला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. एका शब्दाला ६००, आणि गप्पांत अख्खं उत्तर २००मध्ये सुरू! याचा अर्थ एकच होतो: समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज घेतो, उत्तर मनात रचतो, आणि तो थांबताक्षणी सोडून देतो. ऐकणं आणि बोलण्याची तयारी, दोन्ही एकाच वेळी. हे आपण दिवसभर करतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

नव्या भाषेत हीच तयारी संथ होते. शब्द शोधायला वेळ, वाक्य लावायला वेळ. उत्तर तयार होईपर्यंत पाळी निघून गेलेली असते; बोलणं पुढे सरकलेलं असतं. असं चारदा झालं की मूल प्रयत्नच सोडतं आणि आपण म्हणतो, 'त्याला येत नाही.' त्याला येत असतं. त्याला वेळ मिळालेला नसतो.

व्हिडिओची खरी ताकद मला इथे दिसते. जिवंत माणसाला थांबवता येत नाही, व्हिडिओला येतं. प्रश्न आला की थांबवा. मुलाला उत्तर रचू द्या, म्हणू द्या, मग पुढे चला. तोच प्रसंग दुसऱ्यांदा लावा, तिसऱ्यांदा लावा. अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'ब्लूज क्लूज' या लहान मुलांच्या कार्यक्रमाने हे अजब धाडस केलं होतं. सूत्रधार प्रश्न विचारून पडद्यावर गप्प उभा राहायचा, मुलांना बोलायला जागा ठेवून. वर एकच भाग सलग पाच दिवस दाखवायचे. मोठ्यांना वाटलं मुलं कंटाळतील. संशोधकांना दिसलं उलटंच: पुन्हा पुन्हा पाहिल्यावर मुलं टीव्हीशी अधिक बोलू लागली. पहिल्या दिवशी गोष्ट समजून घ्यायची असते. चौथ्या दिवशी उत्तर आधीच ओठांवर असतं.

पण निव्वळ ऐकत राहिल्याने, पाहत राहिल्याने बोलणं येतं का? कान उच्चार सुधारतो हे आपण पाहिलं. बोलणं त्याहून मोठं आहे. कॅनडात १९६५ पासून इंग्रजी घरांतल्या मुलांना सगळे विषय फ्रेंचमधून शिकवण्याचे वर्ग निघाले. वर्षानुवर्षं, दिवसचे दिवस कानांवर फ्रेंच. मुलांना फ्रेंच उत्तम समजू लागलं, वाचताही येऊ लागलं. बोलण्यात मात्र चुका तशाच राहिल्या. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये यावर बोट ठेवलं: मुलं ऐकत भरपूर होती, त्यांना नेमकेपणाने बोलावं लागेल असे प्रसंगच कमी येत होते. समजून घेताना आपण अर्धवट व्याकरणावरही काम भागवतो. बोलताना भागत नाही. क्रियापदाचं रूप निवडावंच लागतं.

आणि मग सिएटलमधला तो प्रयोग, जो पडदा हातात घेणाऱ्या प्रत्येक पालकाने आणि शिक्षकाने ऐकलेला असावा. पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी मँडरिन भाषा ऐकवली. एका गटासमोर चिनी बोलणारी माणसं बसली, खेळली, पुस्तकं वाचून दाखवली; एकूण १२ बैठका. दुसऱ्या गटाने त्याच माणसांना, त्याच साहित्यासह, पडद्यावर पाहिलं. तिसऱ्याने नुसता आवाज ऐकला. पहिला गट मँडरिनमधले अवघड आवाज तैवानमधल्या बाळांइतकेच सफाईने ओळखू लागला. १२ बैठकांत! पडद्यावर पाहणारी बाळं टक लावून पाहत होती. ती काहीच शिकली नाहीत. नुसता आवाज ऐकणारीही नाहीत. हे २००३ सालचं.

तेव्हा पडद्याला नावं ठेवून विषय संपवता आला असता. कूल यांच्याच प्रयोगशाळेने तो संपवला नाही. २०१८ मध्ये त्यांनी बाळांच्या हाती स्पर्श करता येणारा पडदा दिला. टिचकी मारली की परक्या भाषेतला व्हिडिओ सुरू. काही बाळं एकटी होती. काहींच्या शेजारी दुसरं बाळ बसवलं होतं. मेंदूतल्या विद्युत लहरी तपासल्या, तेव्हा जोडीने पाहणाऱ्या बाळांच्या मेंदूत परक्या आवाजांतला फरक उमटलेला दिसला. शेजारच्या बाळाला ती भाषा येत नव्हती. त्याला तर कोणतीच भाषा येत नव्हती! तरी त्याच्या नुसत्या सोबतीने व्हिडिओ शिकवू लागला. हे वाचल्यापासून मी वर्गातल्या पडद्याकडे निराळ्या नजरेने पाहतो. पडद्यासमोर कोण बसलंय आणि त्याच्या शेजारी कोण आहे, हे व्हिडिओइतकंच महत्त्वाचं आहे.

याचं आपल्या मातीतलं उदाहरण गाडीवाटला घडलं आहे. छत्रपती संभाजीनगरजवळचं हे गाव. २०१९ मध्ये तिथल्या जिल्हा परिषद शाळेने मुलांना विचारलं, कोणती परदेशी भाषा शिकायला आवडेल? मुलांनी जपानी निवडली, कारण त्यांना यंत्रमानवांची ओढ होती. शाळेत जपानी शिकवणारं कुणी नव्हतं, पुस्तकं नव्हती. इंटरनेट होतं. व्हिडिओ आणि भाषांतराची ॲप्स यांवर श्रीगणेशा झाला. बातमी पसरल्यावर शहरातले एक जपानीचे जाणकार मदतीला आले आणि ऑनलाइन तास घेऊ लागले. स्मार्टफोन सगळ्यांकडे नव्हते, म्हणून शाळेने 'विषयमित्र' नेमले: ज्याने तास पाहिला त्याने ज्याला पाहता आला नाही त्याला शिकवायचं. साधनं कमी म्हणून केलेली ही सोय, पण सिएटलच्या प्रयोगशाळेला जे सापडलं तेच तिथे नकळत साधलं गेलं. व्हिडिओ पाहणाऱ्या मुलाला नंतर बोलायचं होतं, शेजारी कुणीतरी वाट पाहत होतं. (जाता जाता: 'त्सुनामी'तला 'त्सु' जगातल्या अनेकांना झेपत नाही. 'चांगला' म्हणणाऱ्या मराठी मुलाच्या तोंडात तो आवाज आधीपासून आहे.)

बोलायला लावणाऱ्या चित्रांची कला तर महाराष्ट्राने फार आधी सिद्ध केली आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथी सादर करतात. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं एकेक करून समोर धरायची आणि वाद्यांच्या साथीने कथा सांगायची. चित्रांच्या अशा एका संचाला पोथीच म्हणतात, पण तिच्यात वाचायला काही नसतं. चित्र गप्प असतं, म्हणून माणसाला बोलावं लागतं. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये याच कलेसाठी पद्मश्री मिळाली.

वर्गात हे करून पाहायला एक बटण पुरतं: आवाज बंद करण्याचं. दोन मिनिटांचा प्रसंग मूक लावा आणि मुलांना संवाद बोलू द्या. बाजारातली घासाघीस, एसटीत जागेवरून चाललेला वाद, पावसात अडकलेली दोन माणसं. एकाच चित्रावर प्रत्येक जोडीचे संवाद वेगळे निघतात. शेवटी मूळ आवाज लावा. स्वतः ते वाक्य रचायला धडपडलेलं मूल आता मूळ वाक्य ज्या कानांनी ऐकतं, ते कान त्या दिवसाआधी त्याच्यापाशी नव्हते.

पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या ओळींबद्दलही (सबटायटल्स) एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यात बहुतेकांचा अंदाज चुकतो. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला इंग्रजी चित्रपट मराठी ओळींसह दाखवावा, असं सहज वाटतं. होल्गर मिटरर आणि जेम्स मक्वीन यांनी २००९ मध्ये डच भाषकांना अनोळखी ढंगाचं इंग्रजी दाखवलं, एक ऑस्ट्रेलियन मालिका आणि एक स्कॉटिश चित्रपट. नंतर त्या ढंगातली वाक्यं ऐकून जशीच्या तशी म्हणायला सांगितली. इंग्रजी ओळींसह पाहणाऱ्यांना ती जास्त जमली. डच ओळींसह पाहणाऱ्यांचा कान, नवी वाक्यं ऐकताना, काहीच ओळी न पाहणाऱ्यांपेक्षाही मागे पडला. मातृभाषेतली ओळ गोष्ट समजावते, पण कानाला कामावरून सुट्टी देते. तेव्हा करमणुकीसाठी मराठी ओळी, कान तयार करण्यासाठी इंग्रजी.

पार्श्वसंगीत, उड्या मारणारी अक्षरं, कोपऱ्यात नाचणारी चित्रं यांबद्दल थोडक्यात: काढून टाका. कॅलिफोर्नियातले रिचर्ड मेयर यांनी दृक्‌श्राव्य शिक्षणावर कैक प्रयोग केले आणि अशी सजावट शिकण्यात अडथळा आणते हे पुन्हा पुन्हा दाखवलं.

शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती करून थांबतो. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतात? सरासरी एक सेकंद. मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात. रो यांनी शिक्षकांना तीन सेकंद थांबायला शिकवलं. मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं, आणि एरवी गप्प बसणारी मुलं आपण होऊन बोलू लागली. उद्या वर्गात किंवा घरी व्हिडिओ लावाल तेव्हा प्रश्नाच्या जागी तो थांबवा, मुलाकडे पाहा, आणि मनात तीन आकडे मोजून होईपर्यंत काही बोलू नका.